काट्यावर काटा

१

सोमवारी संग्रहालय लोकांना बंद असतं आणि आम्हाला उघडं. आम्ही म्हणजे मी आणि मावशी. मावशी फरशा पुसतात, काचा पुसतात, शिडी लावून उंचावरची धूळ काढतात. मी लोखंड बघतो. दोन रणगाडे, एक जीप, पाणबुडीतून काढलेला एक पंप, आणि मधल्या मोठ्या दालनात विमानं पाडायची तोफ. सगळ्यांना तेल, ग्रीस, फडकं. तोफेला एक काम जास्तीचं असतं. दर सोमवारी तिला खुर्चीवर बसून एक पूर्ण गोल फिरवायची. नाहीतर बुडातल्या बेअरिंगच्या लोखंडी गोळ्या एकाच जागी बसून जातात आणि मग ती हलत नाही.

हे काम दादाचं होतं. तो गेला तेव्हा संग्रहालयाचे साहेब घरी आले, चहा घेतला आणि आईला विचारलं, "धाकटा काय करतो?"

आई म्हणाली, "काही नाही."

खोटं नव्हतं ते. आठवीत शाळा सोडली. त्यानंतर तीन गॅरेजं झाली. दोन मी सोडली, तिसऱ्याने मला. मला राग लवकर येतो आणि तो आला की हातातलं जे असेल ते फेकतो. तिसऱ्या गॅरेजात हातात जॅक होता.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. शांत. स्क्रू पडला तर शिवी न देता वाकून उचलणारा माणूस. तो तोफेच्या खुर्चीवर सापडला, सोमवारीच, जेवणाच्या सुट्टीनंतर. हृदय बंद पडलं म्हणाले. असेल. पण शेवटची आंघोळ मी घातली त्याला. त्याचे दोन्ही तळहात सोललेले होते. कातडी सुटून मनगटाकडे गोळा झाली होती. आईला दिसू नयेत म्हणून मी ते कापडात गुंडाळले.

डॉक्टरांना विचारलं, हृदय बंद पडताना तळहात सोलतात का? ते म्हणाले, "फिटर होता ना तो?" मी म्हटलं, "मीही फिटर आहे, हे बघा माझे." त्यांनी बघितले नाहीत.

मला तेवढंच हवं होतं. ते हात कशाने सोलले. नोकरी मी त्यासाठी घेतली.

२

तिसऱ्या की चौथ्या सोमवारी मावशींनी शिडीवरून हाक मारली.

"ए धाकट्या, तोफ खाली केलीस का रे?"

"मी? वरखाली करायचं चाक चाळीस वर्षं गंजून बसलंय."

"मग मी उंच झाले म्हणायची. या वयात!"

तोफेची नळी तिरकी, छताकडे तोंड करून उभी असते. तोंडावर पितळी टोपण आहे. ते टोपण मावशी दर सोमवारी पुसतात. शिडीच्या सात पायऱ्या चढल्या की हात पोचतो, हे त्यांच्या पायांना पाठ आहे. बाकीच्यांसारखं त्या बघून चढत नाहीत. त्या दिवशी सातवी चढल्या आणि टोपणावर डोकं आपटलं. सहावीवरूनच हात पोचत होता.

"शिडी सरकली असेल," मी म्हणालो.

"तीस वर्षं चढतेय. सरकली असती तर मी खाली असते, तोफ नाही."

मी दुसऱ्या बाजूला गेलो. तोफेला दोन खुर्च्या आहेत, दोन बाजूंना. उजवीकडच्या खुर्चीपुढचं चाक तोफ गोल फिरवतं. डावीकडचं चाक नळी वरखाली करतं. डावं चाक मी दोन्ही हातांनी ओढलं. मग त्यात पाईप घालून लटकलो. ढिम्म नाही. चाकावर धुळीचा थर होता आणि त्यावर आता फक्त माझीच बोटं उमटली होती.

मी स्वतःची समजूत घातली. नळीचा भार पेलायला आत तेलाच्या नळकांड्या असतात. जुन्या गाडीचा जॅक बसतो तशा त्याही बसत असतील. एका पायरीने काय होतं?

पुढच्या सोमवारी मावशी पाचवीवर होत्या.

३

आमच्याकडे लोकांना माहिती सांगायला एक म्हातारे आहेत. तरुणपणी अशाच तोफेवर होते, म्हणून सगळे त्यांना तोफचीकाका म्हणतात. मंगळवारी शाळेची पोरं निघून गेल्यावर मी त्यांना धरलं.

"काका, यावर दोघं बसायचे?"

"दोघं. हा डावी-उजवी करणार, तो वर-खाली. मध्ये हे धूड. वर्षभर मी माझ्या जोडीदाराच्या शेजारी बसलो, पण तोंड बघायचो ते फक्त जेवताना. आणि ते बघण्यासारखंही नव्हतं."

"मग विमान कसं दिसायचं इथून?"

"दिसायचं नाही! बघायचंच नाही, हीच तर शिस्त. पलीकडे लांब एक यंत्र असायचं. ते विमान बघायचं, हिशेब करायचं आणि तारेतून इथला लाल काटा हलवायचं." त्यांनी खुर्चीपुढच्या डायलकडे हात केला, पण नजर माझ्याकडेच ठेवली. "पांढरा काटा तोफेचा. चाक फिरवलं की तो फिरतो. लाल काटा जाईल तिथे पांढरा न्यायचा. काट्यावर काटा. बाकी जग बुडालं तरी मान वर करायची नाही."

"म्हणजे लाल काटा विमानावर असायचा."

"वेडा का तू? गोळ्याला वर पोचायला वेळ लागतो. तोवर विमान पुढे निघून जातं. म्हणून ते जिथे पोचणार असतं तिथे नेम धरायचा. तोफेचं तोंड नेहमी मोकळ्या जागेकडे असतं. अजून कुणी आलेलं नसतं तिथे."

डायलची काच स्वच्छ होती. बाकी सगळी तोफ हिरव्या रंगाने थापलेली. दर दोन वर्षांनी कंत्राटदार येतो आणि दिसेल त्याच्यावर रंगाचा फवारा मारतो. स्क्रू, काचा, पाट्या, एकदा तर एक झोपलेलं मांजर.

"काच तुझ्या दादाने मोकळी केली," काका म्हणाले. "ब्लेडने खरवडून, दोन दिवस बसून. गेला त्याच्या आधी दीडएक महिना. मी म्हटलं, कशाला रे? तर म्हणाला, काच रंगवायची नसते, काका, बघायची असते."

"बरोबर आहे ना."

"फिटरच्या जागी बरोबर आहे." ते टोपी घालून निघाले. दारात थांबले. "आम्ही सुट्टी झाली की पहिल्यांदा डायलवर टोपी ठेवायचो. लाल काटा दिसला की हात जातात रे. डोक्याला विचारत नाहीत."

ते गेल्यावर मी बुडाखाली घुसलो. यंत्राकडून येणारी तार शोधली. वीतभर तुकडा होता, टोक कापलेलं, त्यावर रबरी बूच. बूच काढलं. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. ती कुठेही जात नव्हती.

४

सोमवारी साडेबाराला जेवणाची घंटा होते. संग्रहालय बंद असलं तरी होते, ती आपोआप वाजते. एकला दुसरी. मावशी मागच्या खोलीत डबा उघडतात. त्या सोमवारी मी डबा घेऊन तोफेवर चढलो आणि उजव्या खुर्चीवर बसलो. दादा ज्या वेळी, जिथे बसला होता, तिथे. काही ठरवून नाही. मी ठरवून फार कमी गोष्टी करतो.

खुर्ची लोखंडी, भोकाभोकांची. समोर डायल, वाटीएवढी. डाव्या खांद्याला लागून तोफेचं पोट, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. मागे वळलं की दालनाचं मोठं दार दिसतं. दालन एवढं शांत होतं की मला माझं चावणं ऐकू येत होतं.

लाल काटा हलला.

मी घास गिळला. बाहेरून ट्रक गेला असेल. काटा जुना, आतली स्प्रिंग सैल. मी ट्रकच्या आवाजाची वाट बघितली. ट्रक नव्हता. काटा केसाएवढा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. थरथर नव्हती त्यात. एखादा माणूस रस्त्याने चालतो, मध्येच थांबतो, पाटी वाचतो, पुन्हा चालतो, तसं काहीतरी होतं ते.

माझे हात चाकावर होते. ते कधी गेले ते मला सांगता येणार नाही. मांडीवरचा डबा खाली पडला तेव्हा कळलं. चाक फिरलं, तोफ सरकली, पांढरा काटा लाल काट्यावर जाऊन बसला. खरं सांगतो, बरं वाटलं. कुलपात बरोबर किल्ली फिरावी तसं.

आणि तेव्हा पलीकडचं चाक फिरल्याचं कळलं.

ऐकू नाही आलं आधी. खुर्चीतून कळलं. माझ्या चाकाची घरघर माझ्या हातात होती आणि दुसरी घरघर पाठीच्या कण्यात येत होती. मी थांबलो. ती चालू राहिली. मग तीही थांबली.

मी चाक दोन वेळा फिरवलं आणि थांबलो. पलीकडून दोन वेळा.

मी तीन वेळा फिरवलं. पलीकडून तीन.

मी लहान असताना दादा असाच करायचा. मी खोकलो की तो खोकायचा, मी रुसून पाय आपटला की तोही आपटायचा, मी हसेपर्यंत. मला हसू फुटलं. "दादा?" मी म्हणालो. एवढ्या मोठ्या दालनात माझा आवाज मलाच नवखा वाटला.

एकची घंटा झाली. लाल काटा सैल पडला. मी उडी मारून पलीकडे गेलो. खुर्ची रिकामी. चाकावर धूळ, धुळीत माझी जुनी बोटं, आणखी काही नाही. पण तोफेच्या नळीकडे बघितलं तर ती मघापेक्षा खाली होती. दुपारी मावशींनी न विचारता सांगितलं, "चौथी."

५

पुढचे दोन सोमवार मी आनंदात होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो. आठवडाभर मी अर्ध्या तासासाठी जगायचो. मी त्याला सगळं सांगायचो. आईचे गुडघे, मी विकलेली त्याची हत्यारं, जी मी परत आणली, ती परत आणताना झालेली मारामारी. पलीकडून चाक फिरत राहायचं. बोलणं असं कधी नाही. दादा जिवंत असतानाही फार बोलायचा नाही, तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

तिसरी पायरी. मग दुसरी.

नळी का खाली येतेय, हे मी विचारलं नाही असं नाही. रात्री पडल्यावर विचारायचो. लाल काटा कुणामागे फिरतोय, हेही विचारायचो. मग वाटायचं, ते कळायला हवं असेल तर बसायलाच हवं. एवढी साधी गोष्ट होती. पलीकडचा दादा असेल तर तोच एक दिवस हातांचं सांगेल.

रविवारी आई पलंगावर बसून माझ्या ओव्हरऑलला गुंडी लावत होती. ओव्हरऑल दादाचाच, मला खांद्यात मोठा.

"आई, तू उद्या तिकडे येशील?"

"कुठे?"

"दादा जिथे काम करायचा तिथे. जेवणाच्या सुट्टीत. मी गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवतो."

"मला नाही बघायची ती तोफ."

"तोफ नाही." मी पटकन बोलून गेलो. "दादा आहे तिथे."

सुई थांबली. मला वाटलं आता एक लावेल कानाखाली. लावली असती तर बरं झालं असतं.

"दिसला?"

"दिसत नाही. पण आहे. माझ्याशी खेळतो."

आईने दोरा दाताने तोडला. ओव्हरऑलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तू दारू प्यायला लागलास का?"

"नाही."

"मग येते," आई म्हणाली.

६

सोमवारी सकाळी मावशी शिडी न घेता दालनात आल्या. तोफेच्या तोंडापाशी उभ्या राहिल्या आणि हात नुसता पुढे करून टोपण पुसलं. नळी आडवी होती. त्यांच्या छातीला. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि ते पिळलंच नाही.

"मागच्या वेळीही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तुझ्या दादाने काच खरवडली, तेव्हापासून एकेक पायरी. त्याला खाली उतरवला त्या दिवशी अशीच आडवी होती. तोंड त्या भिंतीकडे, दाराच्या हातभर बाजूला. पुढच्या सोमवारी आले, तर परत सात पायऱ्या."

"मावशी! हे आधी नाही का सांगायचं?"

"कुणाला? म्हणाले असते, बाईला फडकं मारायला ठेवली की मोजणी करायला?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तू एवढा खुशीत होतास."

दाराच्या हातभर बाजूला. मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. तिथे काहीच नव्हतं, साधी चुन्याची भिंत. त्या भिंतीवर कोण नेम धरेल? मग मी दाराकडे बघितलं.

एक गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. दादा गेला त्या दिवशी त्या दारात मी उभा होतो.

दादाची मोटरसायकल मागायला आलो होतो. वॉचमन जेवायला गेला होता, मला कुणी बघितलं नाही. दारातून दिसलं, दादा खुर्चीवर बसलाय, चाकाला लटकल्यासारखा. मी म्हटलं, "दादा, किल्ली दे ना." तो वळला. आयुष्यात तो माझ्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "निघ इथून! आत्ताच्या आत्ता! तोंड दाखवू नकोस!" मी तिथेच उभा राहिलो, मुद्दाम, हाताची घडी घालून. का जाऊ? काय केलं मी? चांगली पाच-सात मिनिटं उभा राहिलो, त्याला राग दाखवायला. मग जमिनीवर थुंकलो आणि गेलो.

पाच-सात मिनिटं.

दालनातलं घड्याळ बारा पंचवीस दाखवत होतं. "मावशी," मी म्हणालो, "गेटवर जा. माझी आई येतेय. तिला आत सोडू नका. काय वाटेल ते करा, पाय धरा, पण आत सोडू नका."

मावशी बादली तशीच टाकून पळाल्या.

घंटा झाली.

७

मी खुर्चीवर बसलो तेव्हा लाल काटा आधीच निघाला होता. आज थांबणं नव्हतं, पाट्या वाचणं नव्हतं. तो सरळ दाराकडे चालला होता. मी हात मांडीखाली दाबून धरले. चाक माझ्याविनाच फिरायला लागलं. तोफेचं तोंड रिकाम्या दारासमोर आलं आणि थांबलं.

दारात कुणी नव्हतं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात दोन बायकांचे आवाज येत होते.

"अहो ताई, ऐका तरी माझं—"

"बाजूला हो. माझा मुलगा आहे आत. मला काय अडवतेस?"

मी चाक पकडलं आणि उलटं ओढलं.

तोफेचं मागचं तोंड वेल्डिंगने बंद केलेलं आहे. आत गोळा जाऊच शकत नाही. दालनात बारूद नाही, काडेपेटीसुद्धा नाही. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या हातांना माहीत नव्हतं. चाक तिकडे ओढत होतं, मी इकडे. लोखंड तळव्यातून सरकायला लागलं, आधी गरम, मग ओलं. तेव्हा मला कळलं दादाचे हात कशाने सोलले होते. मी महिनोन् महिने विचारत होतो आणि उत्तर हे असं, हातातच आलं. तो काट्यामागे जात नव्हता. तो अडवत होता. मी हाताची घडी घालून उभा होतो आणि तो अडवत होता.

आई दारात आली.

"निघ इथून!" मी ओरडलो. "आई, जा! तोंड दाखवू नकोस!"

ती हलली नाही. आमच्या घरात कुणीच सांगितल्यावर हलत नाही.

पाठीच्या कण्यातली घरघर सुरू झाली. पलीकडचा आपलं काम करत होता, सावकाश, नीट. नळी आणखी दोन बोटं खाली आली. आई बुटकी आहे.

"दादा!" मी म्हणालो. "दादा, आई आहे ती! आई आहे रे!"

घरघर थांबली नाही. तेव्हा मी जोर लावला. गॅरेजात जॅक फेकला तेव्हाही एवढा लावला नसेल. पाय तोफेच्या पोटाला टेकवले आणि सगळं अंग मागे टाकलं. पांढरा काटा लाल काट्यावरून सुटला. करंगळीच्या नखाएवढा. मग आणखी. तोफेचं तोंड आईच्या खांद्यावरून दाराच्या चौकटीवर आलं, चौकटीवरून भिंतीवर. मी ते तिथे धरून ठेवलं. किती वेळ, ते माहीत नाही. डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि त्या काळ्यात मला फक्त आईचा चेहरा दिसत होता.

ती माझ्याकडे बघत नव्हती. नळीकडेही नाही. ती पलीकडच्या खुर्चीकडे बघत होती. तिथून तिला ती खुर्ची समोर दिसत होती. मी तिच्या चेहऱ्यावर वाट बघितली. तिचा मुलगा तिला दिसला की तो चेहरा कसा होतो, मला माहीत आहे. तसा तो झाला नाही.

आईने मान थोडी पुढे केली, ओळख पटत नसली की करते तशी.

"तो कोण रे?" तिने मला विचारलं.

एकची घंटा झाली. चाक एकदम सैल पडलं आणि मी खुर्चीवरून मागच्या मागे फरशीवर पडलो.

८

 मावशींनी माझ्या हातांना फडकी बांधली होती, ती आईने घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसून पाण्याने भिजवून सोडवली. तळव्यांकडे बघितलं. मलमाची ट्यूब घेतली आणि बोटाने लावायला लागली. डोळे मिटूनही लावता येईल अशा सवयीने ती लावत होती, पण डोळे उघडे होते.

"त्याचेही असेच झाले होते?" तिने विचारलं. "कापड मी उघडलं नाही. पण गुंडाळलेलं बघितलं होतं."

"हो."

"कुणाला वाचवत होता?"

हा प्रश्न ती विचारेल हे मला वाटेतच कळलं होतं. वाटेत मी चार उत्तरं तयार केली होती. माहीत नाही. वॉचमनला. कुणीतरी होतं. मशीनच तसं आहे. चारही चांगली होती.

"मला," मी म्हणालो.

तिचं बोट थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं, अंगठ्याच्या मुळाशी, जिथे सगळ्यात जास्त दुखत होतं तिथे फार हळू.

"मी दारात उभा होतो, आई. तो जा म्हणाला आणि मी गेलो नाही. रुसून उभा राहिलो."

"तू लहानपणापासून तसाच आहेस," आई म्हणाली. "त्याला माहीत होतं ते."

बस्स, एवढंच. मी रडलो. ती रडली नाही. तिने दुसरा हात पुढे ओढून घेतला. बऱ्याच वेळाने मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही, कधीच राहवलं नाही.

"कसा दिसत होता तो? पलीकडचा?"

"पोरगा होता," आई म्हणाली. "तुझ्याएवढा. कदाचित लहानच. गणवेश अंगाला मोठा होत होता." तिने ट्यूबचं झाकण शोधलं, ते तिच्या मांडीवरच होतं. "मला वाटलं, इतका वाईट असेल तर चेहऱ्यावर काही दिसेल. काही नव्हतं रे. डायलकडे बघत होता आणि रडत होता. नाक वाहत होतं, ते पुसायलाही हात सोडत नव्हता."

मी मनगटाने माझं नाक पुसलं.

"त्याला अजून कुणी थांब म्हणालेलंच नाही," आई म्हणाली.